आजोबांचं 'आय ॲम ॲग्री'

सगळा दोष आमच्या इसाबेक आजोबांचा! स्पष्ट सांगतो, भितो की काय मी? ...भितो. तोंडावर भितो, म्हणून तर तुम्हाला सांगतोय! या माणसानं आमच्या डोंगराखालच्या काराकोल गावात उभा जन्म इंग्रजी शिकवलं आणि तेही धडधडीत चुकीचं! 'आय ॲम ॲग्री' म्हणतात. अहो, मधलं 'ॲम' काढून फेका की, 'आय ॲग्री', संपलं! 'ही डोन्ट नो' म्हणतात. तिथं 'डझन्ट' लागतं, हे मला परदेशी गिर्यारोहकांची ओझी वाहता वाहता कळलं. पण म्हाताऱ्याला सांगणार कोण? मोठ्यांची चूक काढायची नसते! मी कॉलेज का सोडलं? तिथले मास्तरही आजोबांचेच चेले... सगळे 'आय ॲम ॲग्री'!

तर तुम्हाला सांगतो, स्कॉटलंडच्या मॉयरा बाई आल्या. त्यांची डोंगरात पाहुणे फिरवणारी कंपनी, त्यांना हवा होता वाटाड्या. ही नोकरी म्हणजे या घरातून सुटका! बाई घटकाभर मुलाखत घेऊन जाणार होत्या, पण आमच्याकडे पाहुणा असा जातो होय? आजोबांनी मेंढा कापला! बाई मानाच्या जागी, मी दाराशी, आणि आजोबांनी दोन्ही हात पसरून दुआ दिल्याशिवाय कुणी उठायचं नाही. चहाही आमचा अर्धीच वाटी, म्हणजे 'बसा अजून'. प्याला की पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी... अडकलो ना!

बाईंनी विचारलं, "खिंडीत बर्फ दिसलं तर मागे फिरायचं. पटतं?"

"आय ॲग्री," मी म्हणालो. कसं खणखणीत!

"अरे गाढवा!" आजोबा कडाडले. "नुरदान, 'ॲम' काय मटणाबरोबर गिळलंस? नीट म्हण!"

आता काय करता? मोठ्यांची चूक काढायची नसते! बाईंच्या डोळ्यांत बघत म्हणालो, "आय... ॲम ॲग्री."

"हल्लीच्या पोरांना व्याकरण नको, मॅडम! खरं की नाही?"

बाईंच्या तोंडात मटण. बिचाऱ्या म्हणाल्या, "येस."

"बघ! इंग्रजीवाली बाईसुद्धा!" आणि आजोबांनी मेंढ्याचा कान कापून माझ्या ताटात टाकला. "खा! लहानांनी ऐकावं म्हणून देतात तो!"

चावतोय, चावतोय, संपतोय कुठं तो कान!

एकदाची दुआ झाली. गाडीपाशी बाई म्हणाल्या, "तुझं इंग्रजी चांगलंय. बरोबर काय, ते तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"मोठ्यांची चूक काढायची नसते आमच्यात."

"माझे पाहुणे साठी उलटलेले असतात, नुरदान. खिंडीत बर्फ पडतंय आणि असाच एखादा आजोबा म्हणाला, 'चला पुढे', तर तू काय म्हणशील?"

मी आधी वळून दाराकडे पाहिलं, आजोबा ऐकत तर नाहीत ना! तुम्हीच सांगा, काय म्हणणार होतो मी? बाईंनी माझा हात हातात घेतला, मान हलवली आणि गाडीत बसल्या.

आजोबा दारातून ओरडले, "काय म्हणाली रे?"

"नाही म्हणाली."

"मग! व्याकरण कच्चं तुझं! मी काय सांगत होतो? पटलं आता?"

घशात आलं होतं हो सगळं! अगदी इथपर्यंत! आणि तोंडातून काय निघालं?

"आय ॲम ॲग्री, आजोबा."

नोकरी गेली. उन्हाळाभर आजोबांचेच घोडे राखतोय.