अठ्ठावन्न श्वास

छे छे छे! तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं नारीनच्या डोंगरात मेंढरं राखलेल्या माणसाला श्वास म्हणजे काय ते कुणी शिकवायचं? सुनेनं? आणि तेही माझ्याच घरात!

ही सायकाल, माझी धाकटी सून. लग्नाला चार वर्षं झाली, पण माझ्यापुढे चकार शब्द नाही. सोनं हो, सोनं! मग गावात निघाली आरोग्य समिती, बायकांची. 'जाऊ का?' म्हणून सासूकरवी विचारलंन. म्हटलं, जा बाई. चार बायका, दोन गप्पा... मला काय ठाऊक!

जानेवारीत नातू आजारी पडला. बायल, आठ महिन्यांचा. खोकला, अंग नुसतं तापलेलं. मी म्हटलं, छातीला मेंढीची चरबी चोळा, घट्ट गुंडाळा, चुलीत कोळसा घाला! आणि तिथंच बसून सिगरेट पेटवली. तर हिनं पोराचे कपडे सोडले! बाहेर उणे पंचवीस! छाती उघडी, हातात घड्याळ, हिचे ओठ हलतायत... मी ओरडलो, 'अगं, गारठेल ना पोर!' तर हात वर केला. मला! गप्प बसा म्हणून! माझ्याच घरात!

मिनिट संपलं. 'अठ्ठावन्न श्वास. समितीत शिकवलंय, या वयात पन्नासच्या पुढे गेले की फुप्फुसाचं दुखणं. बाबा, गाडी काढा.'

'एवढ्या बर्फात? उद्या बघू...'

'आत्ता.'

अहो, माझ्या बायकोनं, बुरुलनं, छत्तीस वर्षांत मला असं 'आत्ता' म्हटलेलं नाही! म्हणजे... म्हटलंय, पण इतक्या हळू आवाजात नाही.

काढली गाडी. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी तपासलं, औषध दिलं, म्हणाल्या, 'वेळेत आणलंत. आणखी दोन दिवस थांबला असतात तर...' मग त्यांनी लसीचं कार्ड उघडलं. एक रकाना कोरा! 'ही का राहिली?' सायकाल पोराला गुंडाळायला लागली. माझं नाव घ्यायचं होतंस की गं! मीच म्हणालो होतो ना, एका सुईसाठी एवढा घाट कोण उतरणार? ...नुसता खाकरलो हो. नर्सबाईंना वाटलं, म्हातारासुद्धा खोकतोय.

पाचव्या दिवशी पोरगं हसलं, आणि सहाव्या दिवशी समिती दारात! पाच बायका. आणि सगळ्यांच्या पुढे कोण? बुरुल! 'सिगरेट बाहेर. आणि धुराडं साफ झालं पाहिजे.'

'करणार कोण?'

पाचही जणी माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्याच घरात!

चढलो. बादलीभर काजळी निघाली, बादलीभर! मी हबकलोच. म्हणजे इतके दिवस तो धूर जात कुठं होता? आमच्याच छातीत की! खाली उतरतो तो दारात शेजारीण. 'आजोबा, आमचंही पोर खोकतंय...' आता नाही कसं म्हणणार?

आज सातवं धुराडं झालं. काल समितीनं एकमतानं ठरवलं, मला शिडी द्यायची. म्हटलं, अगं, निदान मला विचारा तरी! विचारलं ना...

'लाकडाची हवी, की लोखंडाची?'