परदेशी जाणाऱ्याची बॅग

नाही नाही, ती नको काका, ती लाल आहे — म्हणजे लाल वाईट असं नाही, पण लाल बॅग माणसाच्या आधी लोकांच्या डोळ्यांत भरते, कशाला उगीच. ती वरची काढा ना, राखाडी. हां, हीच. सोडा, मी धरतो — धरली, धरली. आधी चाकं बघतो. तुम्ही झिप दाखवाल, आतले कप्पे दाखवाल, पण बॅग म्हणजे शेवटी चाकं, चाक अडलं की माणूस तिथंच हमाल झाला. इथं ओढून काय कळणार? तुमची फरशी गुळगुळीत, इथं पाटसुद्धा पळेल. बाहेर फुटपाथवर नेतो जरा — अहो, पळून नाही जात, हे घ्या, हेल्मेट ठेवतो काउंटरवर.

हं. चालते बरी. जरा उजवीकडे ओढतेय का? नाही, नाही, मीच तिरकी ओढतोय. सकाळपासून पोटात नुसता चहा गेलाय. तुमचं घड्याळ बरोबर आहे ना? मागे तर नाही? ऑफिस सुटायच्या आत पोचायचंय मला.

कुठं म्हणजे — परदेशी. दोन वर्षं. शिकायला! हसू नका, या वयात शिकायलाच. स्कॉलरशिप असते काका, आपल्यासारख्या देशांतल्या सरकारी नोकरांसाठी. सगळं तेच देतात — विमान, फी, राहायला खोली, महिन्याचा हातखर्च, अगदी थंडीच्या कपड्यांचेही पैसे. आपण फक्त डोकं घेऊन जायचं. आणि शिकून परत आपल्याच खात्यात यायचं, तेवढी अट. पाणीपुरवठा. हो, तुमच्या गल्लीत पाणी चढत नाही, माहितीय मला, म्हणून तर शिकायला — काय? अभिनंदन? हो... थँक्यू. अहो, हात काय मिळवताय, थँक्यू, थँक्यू काका.

बघा. परत तेच. नाही, तुम्हाला नाही म्हटलं, तुमचं काय चुकलं. दुसरी दाखवा. नाही, हीच राहू दे. हे हँडल याहून खाली येतं का हो? एवढं उंच नको, तिचा खांदा दुखतो, हात वर करून ओढत राहिली की —

तिचा. तिचा म्हणजे... असं बघू नका हो. बसू का जरा? नको, उभाच बरा आहे, बसलो की मग उठवत नाही.

मी नाही चाललोय, काका. बायको चाललीय. चाललीय म्हणजे — अजून नाही. ते ऑफिस सुटायच्या आत ठरणार. आम्ही दोघं एकाच खात्यात, मी दुरुस्ती विभागात, ती लॅबमध्ये, नळाचं पाणी तपासते. अर्ज आणला मी. मला वयाची अट होती, शेवटची संधी, आणि एकट्यानं भरायला मी घाबरत होतो — खोटं कशाला बोलू — तर तिला म्हटलं, तूही भर, सोबत होईल. सोबत! दातांच्या डॉक्टरकडे जाताना कुणाला तरी न्यावं, तशी. दोघांना मुलाखतीला बोलावलं. मला विचारलं, परत आल्यावर काय बदलाल?  मी जो सुटलो तो पाइपांवर, किती जुने, किती गंजलेले, ते बिचारे नुसती मान हलवत राहिले. आणि हिला तेच विचारलं, तर ही म्हणाली, आमच्याकडे नमुना घेतात टाकीजवळच्या नळाचा, कारण तो जवळ पडतो. म्हणून कागदावर सगळं शहर शुद्ध. मी शेवटच्या घरातल्या शेवटच्या नळाचा घेईन. बस्स, एवढंच. घरी येऊन मला सांगितलं, आणि मला तिथंच कळलं की हिचं झालं. मी काय म्हटलं? म्हटलं, फार थोडक्यात आटोपलंस तू.

परवा मला फोन आला — यंदा नाही जमलं, क्षमस्व. मी पंपहाउसमध्ये होतो, पंपाच्या आवाजात नीट ऐकूही आलं नाही, तरी कळलं. तशी बातमी कळतेच. कुणाला बोललो नाही. हिलासुद्धा नाही. आणि काल वरच्या ऑफिसातून आमच्या मोठ्या साहेबांना फोन — तुमच्या खात्यातून अमुक आडनावाची निवड झालीय. आडनाव आमचं! आता तेच आडनाव असलेली बाई भिंतीपलीकडे बसते, रोज यांना नमस्कार करते, पण एकाच्या तरी डोक्यात यावं? नवरा-बायकोतून निवड झाली म्हणजे नवऱ्याचीच, त्यात विचारायचं काय! माझ्या टेबलाभोवती ही गर्दी. पुष्पगुच्छ. चहा, बिस्किटं. साहेबांनी भाषण ठोकलं, खात्याची मान उंचावली म्हणाले. त्यांच्या डोक्यात आलं नाही, ठीक. माझ्या? माझ्या डोक्यात लगेच आलं होतं. लगेच. म्हणायला हवं होतं ना, साहेब, थांबा, मला नकार आलाय, ही तिची असणार. किती शब्द लागतात त्याला?

मी भाषण केलं, काका. उभं राहून. पुष्पगुच्छ छातीशी धरून. म्हटलं — ऐका, ऐकाच तुम्ही — म्हटलं, बायकोच्या पाठिंब्याशिवाय हे शक्य नव्हतं. आणि ती मागे लॅबच्या दारात उभी. तिला सकाळीच जिन्यात स्वतःचा फोन येऊन गेला होता, हे मला आज तिच्याकडून कळलं. जेवणाच्या सुट्टीत मला सांगायचं म्हणून थांबली होती. टाळ्या वाजवत होती ती. सगळ्यांच्या थांबल्या तरी हिच्या चालूच.

घरी काही बोलली नाही. आमच्या पोरीनं तोवर सगळ्या वर्गाला सांगून टाकलेलं, माझे बाबा विमानानं जाणार. ही तिच्या वेण्या घालत होती. आज सकाळी डबे भरताना म्हणाली — दूध संपलंय असं सांगावं तशी — म्हणाली, मी आज ऑफिस सुटताना नाही म्हणून कळवते. दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. तू ऑफिसात सांग, घरच्या अडचणीमुळे जात नाही. कुणाला काही कळणार नाही. एकदा नाही म्हटलं की परत विचारत नाहीत ते लोक, हे तिला माहितीय. मलाही माहितीय. आणि मी काय म्हटलं असेन? सांगा ना. म्हटलं, बघ, तुझं तू ठरव. तुझं तू ठरव! आणि डबा उचलून निघालो. जीभ कशी झडली नाही माझी.

सकाळपासून पुलाजवळच्या पाइपच्या कामावर होतो, कसलं काम आणि कसलं काय. तिथून ऑफिसकडे निघालो, तर तुमच्या दुकानापुढे गाडी आपोआप थांबली. आपोआप नाही, मीच थांबवली. फोन? फोनवर मी परत काहीतरी गुळमुळीत बोलेन. मला माझा भरवसा नाही काका, तोंडाचा तर अजिबात नाही. म्हणून म्हटलं, बॅगच न्यावी. बॅग हातात असली की मागे फिरता येत नाही.

नको, खोक्यात घालू नका. प्लास्टिकही काढून टाका. दाराशी गाडी लावून तशीच ओढत नेणार, सगळ्या टेबलांमधून, थेट लॅबपर्यंत. आमच्या ऑफिसच्या फरश्या उखडल्यात, असला खडखडाट होईल की फायलीत झोपलेलेही माना वर काढतील. कुणीतरी म्हणणारच, काय साहेब, तयारी जोरात! तर मी म्हणणार — माझी नाही, हिची. स्कॉलरशिप हिला मिळालीय. मला नाही मिळाली. काल मी — नाही, एवढंच. मला नाही मिळाली. बघा, तुमच्यासमोर म्हटलं तर आलं की तोंडातून. आवाज फाटला थोडा. फाटू दे.

मग हसतील. ऑफिसातली पोरं तर जन्मभर पुष्पगुच्छ म्हणतील मला. म्हणू देत. ती काय म्हणेल ते मात्र... तिचा राग तर मला चालेल हो. कालच्यासारखी गप्प राहिली तर काय करू?

किती वाजले? अरे देवा. घ्या, पैसे घ्या, मोजत बसू नका. आणि ही राखाडी ठेवून द्या परत. ती लाल काढा. हो, तीच, लालच! लांबून दिसली पाहिजे. चाकं नाही बघायची आता मला. हेल्मेट द्या ते. चला, सरका काका, दार सोडा.