अंड्यांवरची सापसुरळी

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या दुष्काळी उन्हाळ्यात औशाच्या स्टँडवर माझ्या मागं दोन बाया बसल्या होत्या. पाझर तलावाच्या कामावरून आलेल्या.

"दानक्का, सकाळपासून भाकरीचं फडकं सोडलं न्हाईस."

"दगड उचलला तर खाली सापसुरळी होती, लक्ष्मम्मा."

"सापाची मावशी ती. लई इखारी म्हणतात. चावली का?"

"न्हाई. मीच भिऊन फावडं घातलं. शेपूट तुटून वळवळाया लागलं, तर मी त्यालाच ठोकत बसले."

"शेपूट टाकून पळतेच ती."

"पळाली न्हाई. समोर सगळं रान मोकळं होतं. ती परत खड्ड्यात जाऊन बसली."

"कशापायी?"

"अंडी होती खाली. पाच-सहा."

"मग?"

"मग गड्यांनी दगड घातला."

"मुकं जनावर. त्याला काय कळतंय, अक्का."

"मागल्या महिन्यात माझं लेकरू तापानं फणफणलं होतं. हजेरी बुडू नये म्हणून त्याला तसंच टाकून कामावर आले. सांजेला घरी गेले, तर गार पडलं होतं, जीव न्हवता."

"पोटासाठी आलीस की तू."

"पोट तिलाबी होतं, लक्ष्मम्मा."