मनकर्णाबाईची घरघरणारी मांजर

अहेरीच्या जनावरांच्या दवाखान्यात आमची शेळी धरून मी रांगेत बसले होते. नववीत गेल्यापासून मला दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची लाज वाटत नाही. माझ्या पुढे मुखरूभाऊ आणि त्यांची बायको मनकर्णाबाई टोपलीत मांजर घेऊन डॉक्टरांसमोर होते.

“डॉक्टरसाहेब, हे दिवसभर घरघर करते. हिले दमा हाय. घरात लहान नातू हाय, म्हणून हिले नदीपार सोडून येतो म्हणलं.”

“आन् मी नाई म्हणलं.”

“मुखरूभाऊ, ते खुशीची घरघर हाय. पण तिच्यापायी मले हिच्या दिलाचे ठोके ऐकू येऊन नाई राह्यले. बाई, तो नळ सोडा जरा.”

“नळ कायले?”

“पाण्याच्या आवाजानं मांजर गप होते. हां, झाली. आता ठोक्याच्या मधात फुसफुस ऐकू येते.”

“पाह्य, म्हणलो होतो ना. दमाच हाय.”

“दमा नाई, भाऊ. दिलातून रक्त जाताना आवाज होऊन राह्यला. एखादीले त्यानं काईच होत नाई, एखादीले पुढं धाप लागते. उंदीर पकडते का?”

“कालच दोन पकडले, साहेब.”

“मंग घरीच राहू द्या, बाई. नातवाले हे लागत नाई. धाप दिसली तर आणा.”

“पण बिमार जनावर घरात कायले ठेवाचं?”

“काऊन जी? तुमच्या छातीत बी असाच आवाज हाय म्हणून चांद्याच्या डॉक्टरनं सांगतलं. मी तुमाले सोडलं का नदीपार?”

मुखरूभाऊंनी मांजर उचलून परत टोपलीत ठेवली.

“डॉक्टरसाहेब, हिले मासे चालते का?”