लिव्हर पुरां होयसर

१९८६ च्या दिवाळीत डॉक्टरांनी जगन्नाथला सांगितलं, काविळीतून त्याची बायको शेवंती वाचली नाही. महिन्याने तो कुडाळच्या स्टँडवर मालवणच्या एसटीची वाट बघत होता. शेजारी एक नवराबायको बोलत होते.

“तुमचां आर्दां लिव्हर कापल्यानी, ता परत वाढतला कसां ओ?”

“डॉक्टर म्हणता, रक्तातसून पेशींका निरोप जाता, वाढा. पुरां झाला की दुसरो निरोप, थांबा.”

“आणि त्यो ऐकतत? तुमका दारू थांबवा म्हणान मी वीस वर्सां सांगतंय!”

“आता थांबवलंय मां गो! पण तू माशे कित्याक सोडलंस?”

“लिव्हर पुरां होयसर नवस आसा माजो.”

“मगे पयलो बांगडो मीच भाजतलंय तुका.”

“भाजतलात खंयचे, जाळतलात!”

शेवंती बरी होईपर्यंत जगन्नाथनेही मासे सोडले होते. तो नवस आता कसा सोडायचा, हे त्याने अजून कुणाला विचारलं नव्हतं.