माईकवर दिलेलं नाव

उज्ज्वला : ...आणि मी तिथं गव्हाचा नंबर लावायला उभी, तर चक्कीवाली मला म्हणते, सासरी कानबाईचा रोट जाड करतात की पातळ, ते आधीच विचारून ठेव. नाना, कुठलं सासर?

पंडित : हळू बोल. समोरच मांडव आहे. आपल्या समाजाच्या मंडळाची माणसं बसलीत.

शोभाबाई : ऐकू दे. त्यांना सगळं आपल्या आधी कळतं. हेही कळू दे.

उज्ज्वला : शेजारची भावना तर तिथंच गळ्यात पडली. ‘मिठाई क्यारे खवडावीश?’ मी म्हटलं, कधी देणार म्हणजे? कसली मिठाई? रांगेतल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. माझं लग्न ठरलंय आणि मलाच ठाऊक नाही!

पंडित : सांगणारच होतो. काल मीटिंग लांबली.

शोभाबाई : मीटिंगमध्ये माईकवर बोललात. घरी सांगायला तोंड दुखलं?

पंडित : शोभा, समजून तरी घे. सामूहिक लग्नाला एक नाव येईना. वर्षभर दारोदार फिरतोय मी, नवागामपासून पार कतारगामपर्यंत, अख्खी सुरत. काल सुकलाल भर सभेत उठला आणि म्हणाला, सेक्रेटरीच्या घरात लग्नाची पोरगी आहे, आधी तिला पाटावर बसवा. सगळे हसले. मी काय करायचं होतं?

उज्ज्वला : मग तुम्ही मला दिलंत.

पंडित : नाव दिलं.

उज्ज्वला : माझंच ना? का दुसऱ्या कुणाचं?

पंडित : मुलगा चांगला आहे गं. अध्यक्षांचा, भिकनआप्पांचा योगराज. बारडोलीला कामाला, परमनंट. सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही.

उज्ज्वला : त्याला विचारलं होतं?

पंडित : आप्पा स्टेजवरच होते. त्यांनी हात वर केला.

उज्ज्वला : म्हणजे त्यालाही चक्कीवरच कळणार.

पंडित : जिभेला हाड नाही पोरीच्या. तूच शिकवलंस हे.

शोभाबाई : मी शिकवलं? वर्षभर घरात कोण होतं शिकवायला? तुम्ही होता? मागच्या भादव्यात प्लेग आला. आम्हाला अमळनेरच्या गाडीत कोंबलंत आणि स्वतः उतरलात. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. तुम्ही मंडळाच्या पोरांकडून जंतुनाशक पावडरची पोती उचलून घेत होता. आमच्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

पंडित : गटारी कोण साफ करणार होतं? अर्धी सुरत पळाली होती. घराघरात गोळ्या मी वाटल्या.

शोभाबाई : वाटल्यात. मी गावात तेच सांगत फिरले, माझा माणूस पळाला नाही म्हणून. छाती काढून सांगितलं. पण पुढे? दिवाळीत तुम्ही मंडळासाठी भांडी गोळा करत होता. संक्रांतीला पोराला, महेशला टायफॉईड, तुम्ही मंडळाच्या जागेसाठी कुणाच्या तरी ओट्यावर. खाडे पडले म्हणून मुकादम घरी आला, त्याचं मी ऐकून घेतलं. घर कुणी ओढलं? ह्या पोरीनं. साड्यांना लेस लावून लावून हिची बोटं बघा. बारावीची पुस्तकं मशीनखाली पडलीत.

उज्ज्वला : ऑक्टोबरला परीक्षा आहे माझी. ते पण मंडळाला विचारायचं का?

पंडित : मला कारखान्यात काय म्हणतात, माहीत आहे? ‘ए चार नंबर!’ चार नंबरच्या लूमवर आहे ना मी. चार नंबर, धागा तुटला. चार नंबर, आंधळा आहेस का? बारा तास तेच. मांडवात मला पंडितभाऊ म्हणतात. उठून खुर्ची देतात. ह्या सुरतेत मला तेवढंच मिळालंय. तेही घालवू?

शोभाबाई : ती खुर्ची टिकवायला पोरगी द्यायची?

पंडित : बस झालं! शब्द दिलाय मी. दिवाळीनंतर लग्न, आणि ते होणार. आता गहू मोज. चक्की कानबाईच्या सणासाठी धुऊन ठेवलीय, नंबर जाईल. उद्या सकाळी माझा भाऊ हेमराज येईल त्याच्या पोराला घेऊन. भाऊबंदांना रोट काय बाजारातून आणून वाढणार?

शोभाबाई : मी नाही मोजत.

पंडित : काय?

शोभाबाई : घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू, त्याचा रोट. सासूबाई गेल्यापासून ती मूठ माझ्या हातची आहे. आज हात उचलत नाही माझा. तुम्ही भरा. शब्द देता, तशी मूठही द्या.

पंडित : कानबाईचं आहे हे, शोभा. चेष्टा करू नको.

शोभाबाई : चेष्टा कुणी मांडली?

पंडित : ठीक. मीच भरतो. आण इकडे ती परात. ही माझी. ही महेशची. ही हेमराजची. ही त्याच्या...

उज्ज्वला : माय, पुढच्या वर्षी मला रोट मिळेल?

शोभाबाई : नाही. लग्न झालेल्या लेकीला माहेरचा रोट देत नाहीत. तिचं कूळ बदलतं.

उज्ज्वला : तुकडासुद्धा नाही?

शोभाबाई : तुझ्या नानांना विचार. सुंदराआत्याचं विचार.

पंडित : तिचं नाव कशाला काढतेस?

शोभाबाई : सासूबाईंनी सांगितलंय मला. तुमच्या वडिलांनी सुंदराताईंचं लग्न बैलबाजारात ठरवलं, चहा पिता पिता. घरी येऊन सांगितलं ते टोपी खुंटीला लावताना. पहिल्या कानबाईला त्या माहेरी आल्या. सगळे आत रोट खात होते आणि त्या ओट्यावर. तुम्ही पोरगे होता. सदऱ्यात लपवून त्यांना तुकडा नेऊन दिलात. वडिलांनी बैलाच्या चाबकानं मारलं.

पंडित : दोरीनं. चाबूक नव्हता.

उज्ज्वला : तुम्ही, नाना?

पंडित : तिनं खाल्ला नाही. म्हणाली, परत ठेव पंड्या, तुला मारतील.

शोभाबाई : दर साल त्या बारडोलीला ऊस तोडायला येतात. इतक्या जवळ येऊन भावाच्या दारात येत नाहीत. का येत नाहीत, विचारलंत कधी? त्यांना तरी कुणी काही विचारलं होतं?

(पंडितची मूठ परातीवर तशीच राहते.)

उज्ज्वला : नाना, ही कुणाची मूठ?

पंडित : मोजणी चुकली माझी. शोभा, तू पहिल्यापासून मोज. मी आप्पांच्या घरी जाऊन येतो.

शोभाबाई : घरी नाही. घरी ते चहा पाजतील, पाठीवर हात ठेवतील, आणि तुम्ही हो म्हणून परत याल. मी ओळखते तुम्हाला. नाव माईकवर दिलंत ना? माईकवरच परत घ्या.

पंडित : सुकलाल हसेल. सगळा मांडव हसेल.

शोभाबाई : हसू दे.

पंडित : सेक्रेटरीपण जाईल.

शोभाबाई : जाईल.

पंडित : परत कुणी पंडितभाऊ म्हणणार नाही.

शोभाबाई : मी परात पुढ्यात घेऊन बसते. तुमचा आवाज आला की मूठ भरेन, तोवर नाही.

पंडित : उज्ज्वला, माईक चालू आहे का गं तिथं?

उज्ज्वला : सकाळपासून चालू आहे. इथवर ऐकू येतो, नाना.