किडनीसाठी बेचाळीस पाउंड

...आणि म्हणे, "काट्यावर उभ्या राहा." अहो, तीस वर्षं मी इथे मिनेसोटात वाहन परवान्याच्या खिडकीशी बसले, लोक सांगतील ते वजन परवान्यावर मुकाट लिहिलं, अडीचशे पाउंडांची बाई समोर उभी राहून एकशे चाळीस म्हणाली तरी पापणी हलवली नाही, आणि ही कालची पोर, नर्स म्हणे, मला वजन विचारतसुद्धा नाही? तक्रार नाही करत, नुसतं सांगते.

तर माझी थोरली बहीण आर्डिस, तिच्या दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. माझी जुळत होती, पण डॉक्टर म्हणाले, आधी बेचाळीस पाउंड उतरवा. तिला कळलं असतं तर नकोच म्हणाली असती, म्हणून सगळं गुपचूप.

गुपचूप म्हणजे काय, तर बाहेर बर्फ, म्हणून सकाळी सहाला शाळेच्या आतल्या लांब कॉरिडॉरमध्ये फेऱ्या, मग हात न टेकता खुर्चीतून वीस वेळा उठबस, गुडघे असे वाजायचे की शिपाई दार उघडून बघायचा कोण आलं... ताटात अर्धी भाजी, तळहाताएवढा मासा. आणि चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत आर्डिस स्वतः रूबार्बच्या, म्हणजे त्या आंबट लाल देठांच्या, गोड वड्यांचा ट्रे घेऊन पुढ्यात. आमच्याकडे दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, अशी रीत. मी तिसऱ्यांदाही नको म्हटलं. अख्खं तळघर वळून बघायला लागलं.

"तुला आता माझ्या हातचं नको झालं, लव्हॉन," ती म्हणाली, आणि सहा आठवडे बोलली नाही. जिच्यासाठी एवढं चाललंय तीच! तक्रार नाही करत, नुसतं सांगते.

बरं, काटा तरी हलावा? दोन महिने ढिम्म. आहारतज्ज्ञ पोरगी म्हणाली, नुसतं चालू नका, वजनं उचला. उचलली, अठ्ठावन्नाव्या वर्षी. आणि अकराव्या महिन्यात तीच नर्स म्हणाली, "त्रेचाळीस उतरले." मी म्हटलं, पुन्हा बघ. पुन्हा त्रेचाळीस. तेही बूट घालून!

तशीच आर्डिसकडे गेले, सगळं सांगितलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हणजे वड्या बिघडल्या नव्हत्या?"

आज माझी किडनी तिच्या पोटात झकास चालतेय. मी म्हटलं, सुटले. तर डॉक्टर हसून म्हणतात, "आता तुम्हाला एकच उरली, तिला जपायचं. वजन वाढता कामा नये." किती दिवस, विचारलं.

किडनी एकदाच द्यावी लागली हो... फेऱ्या जन्मभर.